इंधनाला आकार नसेल तर

अणुभट्टी म्हटलं की इंधनाच्या कांड्या डोळ्यांपुढे येतात. घन इंधनाची अडचण साधी: फार तापलं की वितळतं. म्हणून 1950 नंतर अमेरिकेत आणि रशियात काही शास्त्रज्ञांनी उलटा विचार केला. इंधन वायूच ठेवलं तर? वायू आणखी काय वितळणार! युरेनियम हेक्साफ्लोराइड 56 अंशांच्या आसपास वायू होतं. आपल्या नागपूरच्या मे महिन्यापेक्षा जेमतेम दहा अंश जास्त. अग्निबाणासाठी मात्र त्यांना हजारो अंशांचा युरेनियम-प्लाझ्मा हवा होता. त्याच्या शेजारून हायड्रोजन वाहील, तापेल आणि मागे फेकला जाईल.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, मला ॲरिस्टॉटल आठवणारच. द्रव्याचा आकार काढून घेतला, की तो सांभाळायचं काम दुसऱ्या कुणावर तरी पडतं. इथे ते भिंतीवर पडलं. उघड्या रचनेत हायड्रोजनबरोबर युरेनियमही निसटतं, आणि मागे किरणोत्सारी झोत. हे आपल्या डोक्यावरून कोण उडू देईल? मग 'न्यूक्लिअर लाइट बल्ब'ची कल्पना निघाली: प्लाझ्मा पारदर्शक क्वार्ट्झच्या भिंतीआड, बाहेर फक्त प्रकाश. पण ती भिंत थंडही राहायला हवी आणि स्वच्छही. ते कागदावर सोपं. 1973 च्या जानेवारीत नासाचा अणुअग्निबाणांचा कार्यक्रम पैशाअभावी आवरला. पुढे काही वर्षं लॉस अलामॉसला वायू-इंधनावर छोटे प्रयोग झाले, त्यात जमिनीवरच्या विजेचाही विचार होता. भट्टी काही उभी राहिली नाही.

आता ट्रॉम्बेकडे या. आपण वायूची भट्टी बांधली नाही, पण द्रवाची बांधली. 'पूर्णिमा-2', 1984. इंधन म्हणजे युरेनियम-233 च्या नायट्रेटचं पाण्यातलं द्रावण, भोवती बेरिलियम ऑक्साइडचं परावर्तक आवरण. हे युरेनियम थोरियमपासून करावं लागतं, ते तेव्हा आपल्याकडे ग्रॅमच्या हिशेबात होतं. द्रावणाचा फायदा असा, की त्यातलं प्रमाण थोडं थोडं बदलून किती इंधनात साखळी सुरू होते ते नेमकं मोजता येतं. ते निघालं सुमारे 400 ग्रॅम. अर्धा किलोसुद्धा नाही! वीज मिळवायची नव्हतीच, मोजायचं होतं. त्यामुळे इथे भिंतीवर भार पडला नाही.

त्याच मोजमापाच्या वाटेवर 1996 साली कल्पाक्कमला 'कामिनी' सुरू झाली, 30 किलोवॅटची. तिचं इंधनही युरेनियम-233, पण ॲल्युमिनियमबरोबर मिसळून केलेल्या पट्ट्यांचं. म्हणजे पुन्हा घन.