ध्वनिजोडणी, सीडी ड्राइव्ह व साउंड कार्ड यांची

वैयक्तिक संगणकातील सीडी ड्राइव्हमध्ये तयार झालेला ध्वनिसंदेश साउंड कार्डापर्यंत नेणारी चार वाहकांची बारीक तार. ड्राइव्हने वाचलेली माहिती संगणकाकडे नेणारी रुंद, चपटी केबल हिच्याहून वेगळी. १९९० नंतरच्या दशकात संगणक जुळविणाऱ्यास या दोन्ही बसवाव्या लागत. एकाच तबकडीसाठी दोन वाटा का ठेवाव्या लागल्या, याचे उत्तर तबकडीच्या जन्मकथेत आहे.

फिलिप्स व सोनी या कंपन्यांनी १९८० मध्ये संगीताच्या तबकडीचे मानक निश्चित केले आणि १९८२ मध्ये अशा तबकड्या विक्रीस आल्या. त्यांत ध्वनीचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात. प्रत्येक नमुना १६ बिटांचा असून डाव्या व उजव्या बाजूंसाठी स्वतंत्र नमुने असतात. म्हणजे एका सेकंदाच्या संगीतास १,७६,४०० बाइट लागतात व ते प्रत्येकी २,३५२ बाइटांच्या ७५ खंडांत विभागलेले असतात. संगणकाची सीडी-रॉम ही याच तबकडीवरून बेतलेली, तथापि तिची गरज निराळी होती. गाण्यातील एखादा नमुना वाचता आला नाही, तर शेजारच्या नमुन्यांवरून तो अंदाजाने भरून काढता येतो व कानास फरक जाणवत नाही. जमाखर्चात किंवा आज्ञावलीत असा अंदाज चालत नाही. म्हणून सीडी-रॉमच्या प्रत्येक खंडात २,०४८ बाइट माहितीस देऊन उरलेले ३०४ बाइट मुख्यतः खंडाची सुरुवात व पत्ता दाखविण्यासाठी आणि चुका शोधून दुरुस्त करण्यासाठी राखून ठेवले. संगीताच्या खंडात असा पत्ता नसतो. वेळेची नोंद शेजारच्या उपवाहिनीत असते. ती गाणे शोधण्यास पुरेशी, पण नेमका खंड उचलण्यास अपुरी असते.

दुसरी अडचण खुद्द संगणकाची होती. १९९१ च्या सुमारास बहुमाध्यम संगणकासाठी ठरविलेल्या पहिल्या मानकात किमान ३० मेगाबाइटांची हार्ड डिस्क सांगितली होती. तीवर तीन मिनिटांचेही संगीत मावले नसते. तबकडीवरून सेकंदाला १५० किलोबाइट माहिती घेताना प्रक्रियकाचा ४० टक्क्यांपर्यंत वेळ खर्ची पडला, तरी ते या मानकास मान्य होते. अशा यंत्राकडून गाण्याचे सर्व आकडे वाहून नेण्याची अपेक्षा करणे व्यर्थ होते. तेव्हा अंकांचे विद्युत् संदेशात रूपांतर करणारे मंडल ड्राइव्हमध्येच बसविले गेले. संगणक केवळ ‘पाचवे गाणे वाजव’, ‘थांब’ अशा आज्ञा देई. ड्राइव्ह घरगुती सीडी प्लेअरप्रमाणे गाणे वाजवी आणि तयार संदेश बारीक तारेतून साउंड कार्डाच्या मिश्रकात जाई. तेथे तो संगणकाच्या इतर आवाजांत मिसळून ध्वनिक्षेपकांकडे पाठविला जाई. संगीताचा एकही बाइट संगणकाच्या स्मृतीत शिरत नसे.

जोडणी दिसण्यास सोपी, पण चुकण्यास तितकीच सोपी होती. चारपैकी दोन वाहक डाव्या व उजव्या संदेशांसाठी, तर दोन भूजोडणीसाठी असत. परंतु प्रारंभीच्या काळात त्यांचा क्रम व जोडकाचा आकार उत्पादकागणिक बदले. तार अदलाबदल झाली की एक बाजू मुकी होई. तारेतील संदेश क्षीण असल्याने पेटीतील विजेची खरखर त्यात सहज मिसळे. १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात इंटेलने पुरस्कारलेल्या एसी’९७ मानकात सीडीच्या डाव्या-उजव्या संदेशांबरोबर तिच्या भूजोडणीसाठीही स्वतंत्र पिन राखली गेली, ती या उपद्रवामुळेच.

तार लावण्याचे राहून गेले, तर उद्भवणारा दोष मोठा फसवा असे. आज्ञावल्या व्यवस्थित चढत. भारतात लोकप्रिय झालेल्या व्हीसीडीवरील चित्रपटांचा आवाजही ऐकू येई, कारण तो संगणक स्वतः उलगडून साउंड कार्डाकडे पाठवी. गाण्यांची सीडी मात्र फिरत राही आणि ध्वनी उमटत नसे. १९९६ च्या ‘क्वेक’ या खेळाचे पार्श्वसंगीत त्याच्याच तबकडीवर गाण्यांच्या रूपात होते. तार नसलेल्या संगणकावर बंदुकीचे आवाज ऐकू येत, संगीत नाही. ड्राइव्हच्या दर्शनी भागावरील छिद्रात हेडफोन लावून पाहणे हा यावरचा साधा उपाय होता. तेथे गाणे ऐकू आले, की ड्राइव्ह निर्दोष ठरे.

प्रक्रियक वेगवान झाले व हार्ड डिस्कची धारकता वाढली, तसे संगीताचे आकडे चपट्या केबलीतूनच उचलणे शक्य झाले. पत्त्याअभावी दोन तुकड्यांच्या सांध्यावर नमुने गळत किंवा पुन्हा येत व तेथे ‘टिक्’ असा आवाज होई. त्यावर तुकडे थोडे एकमेकांवर चढतील असे वाचून, समान भाग जुळवून सांधण्याची युक्ती काढण्यात आली. काही ड्राइव्हांना अंकीय ध्वनीसाठी दोन पिनांची वेगळी जोडणीही मिळाली, पण ती मधल्या काळापुरतीच. ‘विंडोज २०००’ मध्ये सीडीचे संगीत अंकीय रूपातच घेऊन वाजविण्याची सोय होती व तारेची गरज उरली नाही.

हा बदल केवळ एका तारेच्या बचतीचा नव्हता. १९८० च्या मानकात नक्कल रोखणारे कुलूप नव्हते. संगणकाचा तोकडेपणा हेच काय ते कुलूप. ते गळून पडताच गाणे ही इतर फायलींसारखी एक फाइल झाली, एमपी३ पद्धतीने आक्रसली आणि १९९९ मध्ये सुरू झालेल्या नॅप्स्टरवरून घरोघर पोचू लागली. नंतर काही कंपन्यांनी तबकड्यांवर बंधने घालण्याचा प्रयत्न केला. २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या काही तबकड्या ग्राहकाच्या संगणकात नकळत आज्ञावली लपवून ठेवतात, असे उघड झाले व कंपनीला त्या परत घ्याव्या लागल्या. हे उपाय उशिरा सुचलेले आणि गैरवाजवी होते, कारण त्यांचा भार तबकडी विकत घेणाऱ्यावरच पडला.

साटा पद्धतीच्या बहुतेक ड्राइव्हांवर ध्वनीची खोबण ठेवण्यात आली नाही. मदरबोर्डांवर ‘सीडी इन’ लिहिलेल्या चार पिना मात्र त्यानंतरही काही वर्षे दिसत राहिल्या.