वाऱ्याच्या तोंडावर गलबत

वारा जिकडून येतो तिकडेच शिडाची होडी नेता येईल का? पाथर्डीच्या वर्गात हा प्रश्न टाकला तर बहुतेक मुले 'नाही' म्हणतील. थेट नाकासमोर जायचे असेल तर ते बरोबरच आहे. पण करंजी घाट चढणारी एस.टी. आठवावी. ती सरळ चढत नाही, डावीउजवीकडे वळणे घेत वर पोचते. शिडाचे जहाजही वाऱ्यावर असेच 'चढते'.

शर्यतीची आजची होडी वाऱ्याशी सुमारे ४५ अंशांचा कोन करून जाते. चौकोनी शिडांच्या जुन्या जहाजाला ७० अंशांच्या आत येणे जड जाई. दहावीच्या मुलांना हिशेब करू द्यावा: वाऱ्याच्या दिशेने १० मैल सरकायला पहिलीला सुमारे १४ मैल जावे लागते, दुसऱ्याला २९!

होडी पुढे जाते कशी? ओला चिंचोका दोन बोटांत दाबला की तो सटकन पुढे उडतो. इथे एक बोट शिडावरच्या वाऱ्याचे, दुसरे होडीला आडवे जाऊ न देणाऱ्या पाण्याचे. (उपमा ढोबळ आहे, पण वर्गात उपयोगी पडते.) यातले दुसरे बोट आपण विसरतो. तळ उथळ असेल तर पाण्याची पकड कमी पडते आणि होडी आडवी वाहत जाते.

मराठ्यांच्या आरमाराची अडचण नेमकी ही होती. खाड्यांत शिरायचे म्हणून गलबतांचे तळ उथळ. त्रिकोणी शीड वाऱ्याला थोडे अधिक जवळ जाई, पण वळताना लांबलचक परबाण डोलकाठीच्या पलीकडे नेण्याची यातायात फार. यावरचा तोडगा होता वल्ह्यांचा. इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्मने १७६३ साली केलेल्या वर्णनानुसार गलबतावर ४० ते ५० वल्ही असत आणि ते तासाला चार मैल जाई. वल्ह्याला वाऱ्याची दिशा विचारावी लागत नाही. वारा पडला की गलबते दीडशे ते तीनशे टनांच्या गुराबा ओढत नेत, शत्रूच्या जहाजाची पिछाडी गाठत आणि आधी त्याच्या डोलकाठ्यांवर तोफा डागत. १६७९ मध्ये खांदेरीला इंग्रजांची मोठी जहाजे पहारा देत असतानाही मराठ्यांच्या लहान होड्या बेटावर रसद पोचवत राहिल्या. दौलतखान आणि मायनाक भंडारी यांच्या शौर्याबद्दल आपण शिकवतो. त्यांच्या होड्यांचा तळ किती उथळ होता, हेही शिकवायला हवे असे आम्हांला वाटते.

भर वाऱ्यात मात्र पारडे फिरे. खोल तळाच्या, उंच बाजूंच्या आणि जड तोफांच्या जहाजाशी खुल्या समुद्रात सामना करणे गलबताला अवघड होते.

१७५५ मध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्गाजवळ तुळाजी आंग्र्यांच्या आरमाराचा पाठलाग केला, तेव्हा वारा मंद होता. ऑर्म सांगतो की आंग्र्यांच्या खलाशांनी अडगळीचे सामान समुद्रात फेकले, होती नव्हती ती शिडे चढवली आणि अंगावरचे कपडे, अगदी पागोटीसुद्धा वाऱ्याला टांगली. जेम्सचे 'प्रोटेक्टर' मागच्या काही जहाजांच्या तोफेच्या टप्प्यात पोचले होते. पण त्याच्या मदतीला आलेले पेशव्यांचे आरमार फार मागे राहिले, आणि त्याने पाठलाग सोडून दिला.