उताराचा हिशेब

नोकरी कायम झाल्यानंतर तालुक्याच्या गावी मी घर बांधले. आमच्या घराण्यात पक्क्या भिंतीचा संडास असलेले ते पहिलेच घर. गवंडीकाम माझ्या मामेभावाने केले. त्याचा हात भिंतीला सरळ आहे, ओळंब्यात केसाचाही फरक पडत नाही. पण मैल्याचे पाइप त्याने पूर्वी कधी टाकले नव्हते आणि मीही कधी पाहिले नव्हते. शिकलेला माणूस म्हणून देखरेख माझ्याकडे होती. दोघांनी मिळून ज्या चुका केल्या त्यांचा हिशेब तिसऱ्या पावसाळ्यात आला. संडासाच्या भांड्यातले पाणी खाली जाण्याऐवजी वर चढू लागले.

त्या चुका आधी सांगतो, कारण पुढचा इतिहास त्यांच्यातूनच समजतो. भांड्याखालच्या वाकड्या नळीत, म्हणजे ट्रॅपमध्ये, थोडे पाणी कायम साठून राहते. तेच टाकीतल्या वायूला घरात येण्यापासून अडवते. आम्ही हा एक ट्रॅप पुरेसा न मानता बाहेरच्या पाइपावर आणखी एक बसवला. दोन पाण्यांच्या मध्ये हवा कोंडली आणि फ्लश मंदावला. घरापासून टाकीपर्यंतचा पाइप चार इंची होता, पण त्याला साठ फुटांत एक फूटही उतार मिळाला नाही. पाइप वळवायचा होता तिथे काटकोनी एल्बो घातला, वळणावर चेंबर केले नाही. हवा जायला पाइप ठेवला नाही; छपराच्या वर गेलेली नळी वाईट दिसेल असे मलाच वाटले होते. आणि टाकी! दहा फूट लांब, आठ फूट रुंद, आठ फूट खोल. चारही बाजूंनी सिमेंटने बंद, मध्ये भिंत नाही, बाहेर जाणारा मार्ग नाही. तिला आम्ही ‘सेप्टिक’ म्हणत होतो. ‘तुमच्या हयातीत भरायची नाही,’ असे भाऊ म्हणाला होता, आणि मला ते ऐकून बरे वाटले होते.

का बरे वाटले, हा खरा प्रश्न आहे.

संडासाच्या नळीला पाण्याची कडी घालण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये सर जॉन हॅरिंग्टनने 1596 मध्ये पाण्याने धुतल्या जाणाऱ्या संडासाचे वर्णन केले. पण त्यात ट्रॅप नव्हता, म्हणून दुर्गंधी घरातच राहिली. 1775 मध्ये अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखे वळण दिलेल्या नळीचे पेटंट घेतले. वर्णाभिमानी समाजात जे काम ‘अपवित्र’ म्हणून एका जातीच्या गळ्यात बांधले गेले, ते तिकडे एका घड्याळजीला डोके चालवण्याजोगे वाटले, एवढे इथे नोंदवून पुढे जातो.

अर्थात इंग्रज समाज काही समतेचा पुतळा नव्हता. लंडनमध्येही रात्री मैला उपसणारे गरीब मजूर होते. पाण्याचे संडास वाढले, त्यांचे पाणी जुन्या खड्ड्यांत आणि तिथून थेम्स नदीत गेले, कॉलऱ्याने हजारो माणसे मेली. 1854 मध्ये डॉ. जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचे दूषित पाणी हे साथीचे मूळ आहे असे दाखवले, तरी सरकार हलले नाही. ते हलले 1858 च्या उन्हाळ्यात. नदीचा दर्प थेट पार्लमेंटच्या खिडक्यांतून आत शिरला, चुन्यात बुडवलेले पडदे लावूनही सभासदांना बसवेना, आणि मग जोसेफ बॅझलजेट यांच्या मोठ्या गटारांना पैसा मिळाला. पुढे 1871 मध्ये खुद्द युवराज विषमज्वराने मरणाच्या दारी गेला, तेव्हा ज्या हवेलीत तो उतरला होता तिच्या ड्रेनेजवर बोट ठेवले गेले. श्रीमंतांच्या घरातल्या नळ्या तपासल्या जाऊ लागल्या. एका संडासाचा लोंढा जोराने खाली गेला की पाठीमागचा ट्रॅप शोषला जाऊन कोरडा पडतो, म्हणून पाइपाला वर मोकळी हवा द्यावी लागते, हे कारागिरांना कळले. आणि 1880 च्या दशकात नळकारागिरांची नोंदणी सुरू झाली.

याचा अर्थ उघड आहे. चुकीचा त्रास मालकाच्या नाकापर्यंत, त्याच्या मुलाच्या अंथरुणापर्यंत पोचला, तेव्हा चूक दुरुस्त करण्याचे शास्त्र जन्मले. आपल्याकडे तो त्रास मालकापर्यंत पोचू नये अशी व्यवस्था आधीच तयार होती. ती नळीची नव्हती, माणसाची होती.

मुंबईच्या जुन्या वस्त्या पाहा. दोन इमारतींच्या पाठींमध्ये एक अरुंद बोळ असे, ‘हाउस गल्ली’. संडासाच्या भोकाखाली टोपली आणि टोपली काढण्यासाठी बोळातून मागचे दार. घरात येणारा रस्ता वेगळा, मैला नेणाऱ्याचा वेगळा. म्हणजे नकाशा काढणाऱ्याने जात मोजूनच पट्टी ठेवली होती. 1888 च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात या सेवेसाठी जो कर होता त्याचे नावच ‘हलालखोर कर’. हलालखोर म्हणजे हक्काची, कष्टाची भाकरी खाणारा. शब्द इतका देखणा, आणि डोक्यावर टोपली! एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत भुयारी गटारे आली, पण टोपल्या एकदम गेल्या नाहीत. कारण माणूस नळापेक्षा स्वस्त होता. तो स्वस्त राहावा याची काळजी कायद्यानेही घेतली. संयुक्त प्रांताच्या 1916 च्या नगरपालिका कायद्यात सूचना न देता काम सोडणाऱ्या भंग्याला कैदेची तरतूद होती. नळ गळला तर कारागीर बोलवायचा; माणूस निघून गेला तर पोलीस.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने 1949 मध्ये बर्वे समिती नेमली, तिचा अहवाल 1952 मध्ये आला. केंद्राने 1957 मध्ये मलकानी समिती नेमली. डोक्यावरची टोपली जाऊन हातगाडी यावी, साधने सुधारावीत, या गोष्टींना त्या विचारात मोठी जागा होती. हेतूवर मी शंका घेत नाही. पण दुरुस्ती संडासाची करण्याऐवजी आपण बराच काळ भंग्याच्या अवजारांची करत राहिलो. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मिळावे म्हणून 1932 मध्ये उपोषण केले आणि पुढे कणकवलीच्या गोपुरीत मैल्याचे खत करणाऱ्या संडासांचे प्रयोग केले. मला विचाराल तर त्या उपोषणापेक्षा त्या खड्ड्यांनी अधिक काम केले. सवर्णाने झाडू हाती घेतल्याने झाडू पवित्र होतो, आणि ज्याच्या हाती तो पिढ्यान्‌पिढ्या आहे त्याला तो सोडणे आणखी अवघड होते. या कामाचा गौरव करण्याला बाबासाहेबांचा विरोध होता, तो याचसाठी.

खड्डा मात्र बोलत नाही, तो काम करतो. दोन खड्ड्यांचा संडास हा आपल्याच देशात घडत गेलेला शोध आहे. सुमारे मीटरभर रुंदीचे दोन खड्डे, त्यांच्यात निदान मीटरभर अंतर; भिंतीच्या विटांत भोके ठेवलेली, तळ मातीचा. भांड्याचा उतार तीव्र, ट्रॅपमध्ये पाणी अवघे वीस मिलिमीटर, त्यामुळे दीड-दोन लिटर पाण्यात काम भागते. पाणी आणि वायू मातीत मुरतात. फांद्या फुटलेल्या चेंबरमधून एका वेळी एकच खड्डा चालू ठेवायचा. तो भरला की तोंड बंद करून दुसरा उघडायचा. बंद खड्डा दोनएक वर्षे पडून राहिला की आत मैला उरत नाही, कोरडी, वास नसलेली माती उरते. ती मालकाने स्वतः फावड्याने काढावी. संपूर्ण रचनेत तिसऱ्या माणसाची गरजच नाही. 1987 मध्ये भारतीय मानक ब्युरोने त्याचे मानकही काढले.

मग खेड्यात हे दोन खड्डे का रुजत नाहीत? ‘स्वच्छ भारत’च्या काळात, 2014 पासून, बारा हजारांच्या अनुदानावर कोट्यवधी संडास झाले. कुठे एकच खड्डा खणला, कुठे दोन्ही खड्डे एकमेकांना जोडून एकदमच भरवले, कुठे मुरणाऱ्या खड्ड्याला आतून सिमेंट लावून टाकले. याला अज्ञान म्हणतात. मला ते पुरते पटत नाही. डायान कॉफी आणि डीन स्पीअर्स यांनी उत्तर भारतातल्या खेड्यांतून फिरून 2017 मध्ये पुस्तक लिहिले. त्यांना दिसले की लोकांना छोटा खड्डा नको असतो, कारण तो लवकर भरेल, आणि भरलेला खड्डा उपसणे हे ‘त्यांचे’ काम. म्हणून टाकी खोलीएवढी हवी. खड्डा जितका मोठा तितकी ती वेळ लांब. माझ्या भावाचे ‘हयातीत भरायची नाही’ हे वाक्य याच हिशेबातले होते.

आणि अशी बंद टाकी भरते तेव्हा काय होते? खरी सेप्टिक टाकी म्हणजे दोन कप्पे. गाळ खाली बसतो, साय वर तरंगते, मधले पाणी टीच्या आकाराच्या नळीतून शोषखड्ड्यात जाते, वायूला नळी असते, आणि दर दोन-तीन वर्षांनी गाळ यंत्राने खेचायचा असतो. आमच्यासारख्या हौदात यातले काहीच नाही. तिथे हायड्रोजन सल्फाइड साठतो. कुजक्या अंड्यासारखा त्याचा वास प्रथम येतो, पण प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. उतरणाऱ्याला वाटते, वास गेला, आता धोका नाही. तो कोसळतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, मग मेहुणा. वर्तमानपत्रात एकाच टाकीत तिघे-चौघे गेल्याच्या बातम्या येतात त्या अशा.

1993 च्या कायद्याने कोरडे संडास बंद केले. गटारात आणि टाकीत उतरणारा माणूस त्याच्या कक्षेबाहेर राहिला. सफाई कर्मचारी आंदोलनाच्या लढ्यानंतर 2013 चा कायदा आला. त्याने संरक्षक साधनांशिवाय कोणालाही टाकीत उतरवणे हा गुन्हा ठरवला. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये मृताच्या कुटुंबाला दहा लाख देण्याचा आदेश दिला, 2023 मध्ये ती रक्कम तीस लाख केली. मेलेल्या माणसाची किंमत वाढली. टाकीचा नकाशा तपासायला माझ्या घरी मात्र कोणीही आले नव्हते.

आता ते सांगतो जे सांगायला लाज वाटते. टँकर आला, पाणी खेचले, तळाचा गाळ दगडासारखा घट्ट बसला होता. चालक म्हणाला, ‘सर, माणूस उतरवावा लागेल.’ मी फोन केला. कोणाला करायचा हे मला विचारावे लागले नाही, गावात सगळ्यांना ठाऊक असते. माझे पणजोबा मेलेली ढोरे ओढत. आजोबांनी 1956 नंतर ते काम टाकले आणि उपाशी राहणे पत्करले. त्यांचा शिकलेला नातू मोबाइलवरून मेहतर वस्तीतला माणूस बोलावत होता. तो आला, सोबत सोळा-सतरा वर्षांचा पुतण्या. दोर आणि बादली. झाकण सरकवून त्याने सदरा काढला, तेव्हा आई ओट्यावरून उठली.

‘बाबा, तू वर बस. च्या घे,’ ती त्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. ‘त्याला उतरवतोस? तू उतर की. घाण आपली हाय.’

कोणी उतरले नाही. चालकाने आणखी एक टँकर पाणी मागवले, लांब बांबूने गाळ वरूनच ढवळला, दोन दिवसांत तीन खेपांत तो निघाला. जादा चार हजार गेले. त्या माणसाला दोन्ही दिवसांची मजुरी दिली. पुतण्या अकरावीला आहे हे चहा पिताना कळले.

नंतर मी आणि भावाने पाइप उकरून काढला. पाण्याच्या नळीने पातळी धरून चाळीस फुटांना एक फूट उतार दिला, एल्बो फेकून दोन मंद वळणे घातली, बाहेरचा ट्रॅप काढला, वळणावर चेंबर बांधले. जुना हौद राडारोड्याने भरला. विहीर शेजाऱ्याच्या मळ्यात चांगली लांब आहे, म्हणून परसात दोन खड्डे घेतले. त्यांच्या विटांत भोके ठेवताना भाऊ कुरकुरत होता. भिंतीला भोक म्हणजे त्याला कामातला दोष वाटतो. पहिला खड्डा दोन-तीन वर्षांत भरेल, मग तेवढाच काळ बंद राहील. तो उघडायची तारीख मी दारामागच्या भिंतीवर लिहून ठेवणार आहे. फावडे आईने आत्ताच आणून ठेवले आहे.