सहस्रकुंड धबधबा

सहस्रकुंड धबधबा हा महाराष्ट्रातील नांदेड आणि यवतमाळ या जिल्ह्यांच्या सीमेवर पैनगंगा नदीवर असलेला धबधबा आहे. नदीच्या दक्षिणेस नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुक्याचे इस्लापूर, तर उत्तरेस यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुक्याचे मुरली हे गाव आहे. नांदेडपासून हे ठिकाण सुमारे १०० किमी अंतरावर आहे. परभणी जिल्ह्याचा बहुतेक प्रदेश गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या सपाट, काळ्या जमिनीचा असल्यामुळे तेथील पर्यटकांना धबधबा, जंगलातील पायवाटा आणि चढउतारांचे सायकल मार्ग एकत्र पाहायचे असल्यास सहस्रकुंड हे जवळच्या ठिकाणांपैकी एक ठरते. हा परिसर बाराही महिने पाहता येतो. मात्र धबधबा बाराही महिने वाहत नाही. तो केव्हा वाहतो, हे पावसाइतकेच वरच्या अंगाला असलेल्या इसापूर धरणावर अवलंबून असते.

नाव व आख्यायिका

सहस्रकुंड म्हणजे हजार कुंडे. धबधब्याच्या माथ्यावर आणि पायथ्याशी असलेल्या कातळात लहानमोठे असंख्य खळगे आहेत व पाणी ओसरल्यावरही ते भरलेले राहतात. नावाचा संबंध या खळग्यांशी लावला जातो. परशुरामाने येथे बाण मारून पाण्याला वाट करून दिली, अशी आख्यायिका परिसरात सांगितली जाते आणि त्यावरून या ठिकाणी नदीस बाणगंगा असेही म्हणतात. काठावर पंचमुखी महादेवाचे मंदिर असून महाशिवरात्रीस तेथे भाविकांची गर्दी होते. पर्यटनस्थळ म्हणून ख्याती होण्यापूर्वीपासून हे तीर्थस्थान आहे, हे येथे येणाऱ्याने ध्यानात ठेवणे योग्य ठरते.

भूरचना

पैनगंगा ही अजिंठ्याच्या डोंगररांगेत बुलढाणा जिल्ह्यात उगम पावते आणि विदर्भ व मराठवाडा यांची सीमा आखत पूर्वेकडे वाहून वर्धा नदीस मिळते. सहस्रकुंड येथे तिचे रुंद पात्र दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकावरून एका अरुंद घळीत उतरते. उंचीच्या बाबतीत सह्याद्रीतील धबधब्यांशी याची तुलना होऊ शकत नाही. याचे वैशिष्ट्य रुंदीत आणि पाण्याच्या प्रचंड आकारमानात आहे. सह्याद्रीतील बहुतेक धबधबे ओढ्यांचे असतात, येथे मात्र एक मोठी नदीच कोसळते. पाणी मध्यम असताना प्रवाह अनेक धारांत विभागला जातो. मोठ्या पुरात खालच्या घळीतील पाणी वर चढते, धारा एकमेकींत मिसळतात आणि उडीची उंची कमी दिसू लागते. त्यामुळे सर्वाधिक पाण्याचा दिवस हा धबधबा पाहण्याचा सर्वोत्तम दिवस असतोच असे नाही.

कातळातील खळगे रांजणखळगे या प्रकारचे आहेत. पुराच्या पाण्याबरोबर आलेले गोटे खडकाच्या खाचेत अडकून भोवऱ्यात गरगर फिरतात आणि खाच कोरत जातात. कालांतराने तिला रांजणासारखा गोल आकार येतो. कुकडी नदीवरील निघोज येथील रांजणखळगे याच क्रियेने घडलेले आहेत. सहस्रकुंडचा खडक घासून गुळगुळीत झालेला, लोखंडासारखा काळा दिसतो. कोरड्या ऋतूत त्यावरून चालता येते. ओला किंवा शेवाळलेला असताना तो अत्यंत निसरडा असतो.

पाणी आणि इसापूर धरण

पैनगंगेवर सहस्रकुंडच्या वरच्या अंगाला इसापूर येथे ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचे मातीचे धरण आहे. ते १९८२ मध्ये पूर्ण झाले असून त्याची उंची सुमारे ५७ मीटर आहे. जलाशयाच्या एका बाजूस यवतमाळ जिल्ह्याचा पुसद तालुका, तर दुसऱ्या बाजूस हिंगोली जिल्ह्याचा कळमनुरी तालुका आहे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. तोपर्यंत पैनगंगा हीच परभणी जिल्ह्याची उत्तर सीमा होती. हिंगोली शहराजवळून वाहणारी कयाधू नदी धरणाच्या खाली आणि सहस्रकुंडच्या वर पैनगंगेस मिळते. जुन्या परभणी जिल्ह्याच्या उत्तर भागात पडलेला पाऊस अशा प्रकारे सहस्रकुंडवरून पुढे जातो.

जून-जुलैमध्ये धरण भरत असताना धबधब्यास येणारे पाणी मुख्यतः कयाधूचे व धरणाखालील ओढ्यानाल्यांचे असते. त्यामुळे चांगला पाऊस होऊनही धबधबा क्षीण दिसणे, आणि पाऊस थांबल्यानंतर धरणाचे दरवाजे उघडल्याने तो दुथडी वाहणे, असे दोन्ही प्रकार घडतात. आकाश निरभ्र असले म्हणजे नदी सुरक्षित आहे, असा निष्कर्ष येथे काढता येत नाही. विसर्ग वाढविण्यापूर्वी प्रशासनाकडून नदीकाठच्या गावांना इशारा दिला जातो. पावसाळ्यात निघण्यापूर्वी इसापूरच्या पाणीसाठ्याची आणि विसर्गाची बातमी पाहणे हे हवामानाचा अंदाज पाहण्याइतकेच आवश्यक आहे.

पावसाळा संपल्यावर धरणाचे पाणी डाव्या व उजव्या कालव्यांतून हिंगोली, नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांतील शेतीस आवर्तनांद्वारे दिले जाते. नदीपात्रात फारसे पाणी उरत नाही. उन्हाळ्यात पात्र कोरडे पडले की हदगाव, हिमायतनगर, उमरखेड या तालुक्यांतील काठच्या गावांत पिण्याच्या व जनावरांच्या पाण्याचा प्रश्न उभा राहतो आणि इसापूरचे पाणी नदीत सोडण्याची मागणी होते. असे पाणी सोडले गेल्यास भर उन्हाळ्यात धबधबा काही दिवस पुन्हा वाहू लागतो. पर्यटकास ती पर्वणी वाटली, तरी ते पाणी कोणाच्या तहानेसाठी सोडलेले आहे याचा विसर पडू नये. धबधब्याच्या परिसरात धरण व जलविद्युत प्रकल्प उभारण्याचाही प्रस्ताव असून बुडीत क्षेत्रात जमिनी जाण्याच्या शक्यतेमुळे काठच्या गावांनी त्यास विरोध केलेला आहे.

सीमेचा इतिहास

पैनगंगा ही दीर्घकाळ राजकीय सीमा होती. हैदराबाद संस्थानाचा प्रदेश तिच्या दक्षिणेस आणि १८५३ नंतर ब्रिटिशांच्या ताब्यात गेलेला वऱ्हाड उत्तरेस, अशी विभागणी होती. इस्लापूरचा समावेश त्या काळी नांदेडमध्ये नव्हता. तो आदिलाबाद जिल्ह्यातील बोथ तालुक्याचा एक भाग होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने इस्लापूर मंडळ आणि किनवट तालुका तत्कालीन मुंबई राज्यात आले. इस्लापूर-किनवट पट्ट्यात मराठीसोबत तेलुगू, गोंडी, कोलामी आणि गोरमाटी कानावर पडतात. आंध, गोंड, कोलाम आणि बंजारा या समाजांची वस्ती दोन्ही काठांवर आहे.

वर्षभरातील भेट

पावसाळा : ऑगस्ट ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा हा धबधब्याचा मुख्य काळ होय. या दिवसांत पात्रात उतरणे टाळून काठावरूनच धबधबा पाहावा. एका काठाहून दुसऱ्या काठावर जाण्यासाठी पुलाचाच रस्ता घ्यावा लागतो. दोन्ही बाजूंनी दिसणारे दृश्य वेगळे असले, तरी एका दिवसात दोन्ही काठ गाठण्याचा अट्टहास पावसाळ्यात व्यवहार्य नाही.

हिवाळा : पदभ्रमण व सायकल या दोहोंसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वात अनुकूल असतो. पाणी निवळलेले असते, धारा बारीक झालेल्या असतात आणि रांजणखळगे उघडे पडू लागतात. भूरचनेत रस असणाऱ्याने याच दिवसांत यावे.

उन्हाळा : धबधबा बहुधा बंद असतो आणि तापमान ४० अंशांच्या वर जाते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो, त्यापाठोपाठ मोहाची फुले गळू लागतात आणि पहाटे ती वेचणारी माणसे रानात दिसतात. मे महिना तेंदूपत्ता संकलनाचा असतो. चालणे सकाळी नऊच्या आत संपवावे. काळा कातळ दुपारी तापतो आणि सूर्यास्तानंतरही बराच वेळ उष्ण राहतो.

पदभ्रमण

नदीच्या उत्तरेस पैनगंगा अभयारण्य आहे. १९९६ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे ३२५ चौ. किमी असून पैनगंगेने त्यास तीन बाजूंनी वेढले आहे. सागाचे प्राबल्य असलेल्या या पानझडी जंगलात तेंदू, मोह, पळस, धावडा हे वृक्ष आढळतात. प्राण्यांमध्ये चितळ, सांबर, नीलगाय, चौशिंगा, अस्वल आणि बिबट्या यांचा समावेश होतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात प्रवेशासाठी वन विभागाची परवानगी लागते. नदी ओलांडून परस्पर जंगलात शिरणे हे त्या कायद्याचे उल्लंघन ठरते. परवानगीविना पायी फिरावयाचे झाल्यास इस्लापूर ते धबधबा हा गावरस्ता आणि काठालगतच्या शेतवाटा पुरेशा आहेत. शेतातून जाताना उभ्या पिकातून वाट काढू नये. अस्वलांचा वावर असल्याने मोहाच्या दिवसांत पहाटेच्या अंधारात रानात एकट्याने जाणे धोक्याचे आहे.

सायकल मार्ग

नांदेड-मुदखेड-भोकर-हिमायतनगर-इस्लापूर-किनवट हा राष्ट्रीय महामार्ग १६१अ सायकलस्वारांना उपयुक्त आहे. भोकरपर्यंतचा प्रदेश मोकळा असून पुढे टेकड्या व सागाचे जंगल सुरू होते. परभणीच्या सपाट रस्त्यांवर सराव केलेल्या सायकलस्वारास हा उत्तरार्ध दमवणारा वाटू शकतो. परभणीहून संपूर्ण अंतर सायकलने एका दिवसात कापण्यापेक्षा नांदेड किंवा भोकर येथे मुक्काम करणे इष्ट होय. इस्लापूर ओलांडून किनवटमार्गे माहूरपर्यंतही जाता येते. वाटेवरील तालुक्यात उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे आहेत, तर माहूर हे साडेतीन शक्तिपीठांपैकी एक असलेल्या रेणुकामातेचे स्थान आहे. या मार्गावर सायंकाळनंतर सायकल चालवू नये. वन्यप्राणी रस्ता ओलांडतात. ट्यूब, पंप आणि पंक्चरचे साहित्य जवळ असावे. गावांजवळच्या कच्च्या रस्त्यांवर बाभळीचे काटे हमखास लागतात.

पोहोचण्याची सोय

मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावर सहस्रकुंड याच नावाचे रेल्वे स्थानक आहे. पूर्वी मीटरगेज असलेल्या या मार्गाचे आता ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले आहे. परभणी जंक्शनहून नांदेड, मुदखेड, भोकर, हिमायतनगर असा हा प्रवास होतो. मुंबईहून परभणी, नांदेड, किनवट या मार्गे विदर्भाकडे जाणारी नंदीग्राम एक्सप्रेस या लोहमार्गावरून धावते. कोणत्या गाडीस सहस्रकुंड येथे थांबा आहे, हे चालू वेळापत्रकात पाहून घ्यावे. सायकल रेल्वेने न्यायची असल्यास ती ब्रेकव्हॅनसाठी स्वतंत्रपणे नोंदवावी लागते. लहान स्थानकांवर गाडी फार थोडा वेळ थांबत असल्याने सायकल नांदेड येथे उतरवून पुढे रस्त्याने जाणे सोयीचे ठरते. रस्त्याने येणाऱ्यांना नांदेड, भोकर व किनवट येथून इस्लापूरकडे जाता येते. मुक्कामासाठी किनवट, माहूर किंवा नांदेड येथे सोय होऊ शकते.