हुसचा ठिपका आणि लाओसमधला व्ही

ह्मोंग भाषेत कुत्र्याला 'दे' म्हणतात, आणि हा 'दे' मधल्या पट्टीत सुरू करून थोडा वर चढवायचा असतो. रोमन लिपीत तो तीन अक्षरांनी लिहितात: डी, ई, व्ही. यातला व्ही उच्चारायचा नाही. तो फक्त सूर सांगतो. आता चेक भाषेतलं कोणतंही पुस्तक उघडा. सी, एस, झेड, आर या अक्षरांच्या डोक्यावर एक बारीकशी खूण बसलेली दिसेल, अगदी छोट्या व्हीसारखी. चेक लोक तिला 'हाचेक' म्हणतात, म्हणजे लहानसा आकडा. आणि ध्वनिशास्त्राच्या वह्यांत चढता सूर दाखवायला स्वरावर जी खूण करतात, ती याच आकाराची. या तीन गोष्टी शेजारी शेजारी दिसल्यापासून मी त्यांच्यामागे लागलो आहे.

भाषा म्हणून चेक आणि ह्मोंग यांचं काही नातं नाही. चेक स्लाव्ह शाखेतली, म्हणजे संस्कृतच्या आणि आपल्याही दूरच्या गोतावळ्यातली. ह्मोंग दक्षिण चीन, लाओस आणि व्हिएतनामच्या डोंगरातली, तिचं कुळच वेगळं. नातं आहे ते लिपीच्या अडचणीचं. दोघींच्याही वाट्याला परक्या भाषेसाठी घडलेली रोमन लिपी आली, आणि ती दोघींनाही अपुरी पडली.

अडचण मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. 'चाक'मधला च आणि 'चार'मधला च आपण वेगळे उच्चारतो आणि एकाच अक्षराने लिहितो. परका माणूस इथे अडखळतो. चेकमध्येही नेमके हेच दोन च आहेत. मध्ययुगातल्या चेक लेखनिकांनी अक्षरांची जोडकामं करून पाहिली: सी-झेड, आर-झेड, दोन एस. इंग्रजीत या लोकांचं नाव आजही सी-झेडने सुरू होतं, तो त्याच जुन्या पद्धतीचा अवशेष आहे. पोलिश वळणाने ते इंग्रजीत पोचलं आणि तिथे गोठलं. खुद्द चेक लोकांनी ती जोडी कधीच टाकून दिली आहे.

टाकण्याचा मार्ग दाखवला तो 15व्या शतकाच्या सुरुवातीच्या एका लहानशा लॅटिन ग्रंथाने. चेक शुद्धलेखनावरचा हा ग्रंथ सांगतो की दोन अक्षरं जोडू नका, एकाच अक्षरावर गोल ठिपका द्या. स्वर दीर्घ असेल तर त्यावर बारीक रेघ द्या. ग्रंथावर लेखकाचं नाव नाही. 19व्या शतकात इतिहासकार फ्रांतिशेक पालात्स्की यांनी तो उजेडात आणला आणि यान हुस यांच्या नावे लावला. प्रागच्या बेथलेहेम चॅपलमध्ये 1402 पासून चेक भाषेत प्रवचनं करणारे, आणि 6 जुलै 1415 रोजी कॉन्स्टन्स इथे जिवंत जाळले गेलेले तेच हुस. या ग्रंथकर्तृत्वावर शंका घेणारे अभ्यासक आहेत. मला हुसच पटतात. ज्याला रोज लोकभाषेत बोलायचं आणि तेच लिहूनही ठेवायचं होतं, त्यालाच ही ठेच रोज लागणार.

पण ठिपका सुचला कुठून? इथे मतं फुटतात. एक बाजू म्हणते, ग्लागोलितिक लिपीतून. सम्राट चौथा चार्ल्स याने 1347 मध्ये प्रागमध्ये एमाउस मठ स्थापला आणि तिथे क्रोएशियातून भिक्षू आणले. ते जुनी स्लाव्ह लिपी वापरत, आणि त्या लिपीत प्रत्येक ध्वनीला आपलं अक्षर होतं. 1416 मध्ये तर त्या लिपीत चेक बायबलच लिहिलं गेलं. दुसरी बाजू हिब्रूकडे बोट दाखवते. हिब्रूत एकाच अक्षरावर ठिपका उजवीकडे दिला की 'श' आणि डावीकडे दिला की 'स'. प्रागमध्ये ज्यूंची मोठी वस्ती होती.

माझं मत हिब्रूच्या बाजूला झुकतं. ग्लागोलितिकमधून 'एका ध्वनीला एक अक्षर' हे तत्त्व मिळू शकतं, ठिपका नाही. त्या लिपीला ठिपक्याची गरजच नव्हती, तिच्याकडे अक्षरं मुबलक होती. गरज पडते ती अक्षरं तोकडी असलेल्या लिपीला. हिब्रूचा ठिपका आणि हुसचा ठिपका तर एकच काम करतात: तोच 'स' घेऊन त्याचा 'श' करायचा. तत्त्व मठातून आलं असेल, ठिपका मात्र ज्यू मोहल्ल्यातून.

पुढचा प्रवास थोडक्यात. लिहिताना आणि छापताना ठिपक्याचा आकडा झाला. 1579 ते 1594 या काळात निघालेल्या क्रालित्से बायबलने ही पद्धत घरोघरी नेली. 19व्या शतकात ल्युदेविट गाय यांनी ती क्रोएशियन भाषेसाठी उचलली. पुढे अमेरिकेतल्या मूळनिवासींच्या भाषा टिपणाऱ्या भाषाशास्त्रज्ञांनी श, झ आणि च साठी हेच चेक आकडे आपल्या वह्यांत घेतले. हा शेवटचा टप्पा माझ्या कथेचा सांधा आहे.

कारण त्याच अमेरिकी परंपरेतले विलियम स्मॉली 1950च्या दशकाच्या सुरुवातीला लाओसमध्ये ख्मू लोकांच्या भाषेवर काम करत होते. लिनवुड बार्नी हे प्रोटेस्टंट मिशनरी आणि ईव्ह बेर्त्रे हे फ्रेंच कॅथलिक धर्मगुरू ह्मोंग लोकांमध्ये होते. एरवी वेगळ्या वाटांनी चालणारे हे दोन पंथ इथे एकत्र बसले आणि 1951 ते 1953 या काळात तिघांनी मिळून ह्मोंगसाठी रोमन लेखनपद्धती बसवली.

ह्मोंगमध्ये सूर बदलला की अर्थ बदलतो. 'पॉ' वेगवेगळ्या सुरांत म्हटला की गोळा, मादी, फेकणं, काटा, आजी, पाहणं असे निरनिराळे शब्द होतात. एफ. एम. सावीना या फ्रेंच मिशनऱ्याने 1916 च्या आपल्या कोशात व्हिएतनामीच्या धर्तीवर स्वरांच्या डोक्यावर खुणा दिल्या होत्या. त्याआधी चीनमध्ये सॅम्युअल पोलार्ड यांनी ह्मोंगच्या बहीणभाषेसाठी वेगळीच लिपी घडवली होती. तिच्यात व्यंजनाभोवती स्वराची जागा वरखाली करून सूर दाखवतात. लाओसमधल्या तिघांनी या दोन्ही वाटा सोडल्या. ह्मोंग अक्षरगट स्वरावर संपतो, शेवटी व्यंजन लागत नाही. उरतो तो अनुनासिक, आणि तो त्यांनी स्वर दोनदा लिहून दाखवला. म्हणजे शब्दाच्या शेवटी जागा रिकामी होती. तिथे त्यांनी बी, जे, व्ही, एस, जी, एम, डी ही अक्षरं सूर म्हणून बसवली. मधल्या सपाट सुराला काहीच दिलं नाही. साध्या टंकलेखन यंत्रावर सगळी भाषा उमटू लागली.

आता माझा दावा. चढत्या सुरासाठी व्ही निवडला गेला तो योगायोगाने नव्हे. भाषाशास्त्राच्या वहीत चढत्या सुरावर आकडा द्यायची सवय होती. आकडा यंत्रावर नव्हता, व्ही होता. म्हणून डोक्यावरचा आकडा ओळीत उतरला.

विरोधी बाजू साधी आहे: उरलेली अक्षरं वापरली, बस. बी आणि जे यांच्यापुरती ती खरी वाटते, कारण ही अक्षरं ह्मोंग शब्दाच्या सुरुवातीला लागतच नाहीत. पण व्ही उरलेला नव्हता. सुरुवातीला तो 'व'चं काम करतोच. त्याला दुसरं काम द्यायचं तर कारण हवं, नाहीतर एल, एन, के हेही तितकेच मोकळे होते. दुसरा आक्षेप जड आहे. आकार महत्त्वाचा होता, तर खालच्या सुराला एस का, आणि घोगऱ्या, श्वासमिश्रित सुराला जी का? आकाराचं तत्त्व सगळ्या सात अक्षरांना लावता येत नाही, हे मान्य. माझं म्हणणं एका अक्षरापुरतं आहे, आणि त्या अक्षरापुरतं मी ते सोडणार नाही.

शेवटी अक्षर लावून सूर दाखवायची कल्पना मात्र लाओसमध्ये जन्मली नाही. युएन रेन चाओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिनीसाठी बनवलेली, 1928 मध्ये मान्य झालेली रोमन पद्धत हेच करत होती: दुसऱ्या सुराला आर, चौथ्याला एच. ह्मोंग पद्धतीत आणखीही एक उसनवारी दिसते. तिच्यात एक्स म्हणजे 'स' आणि एस म्हणजे 'ष'. हुबेहूब व्हिएतनामी रोमन लिपीसारखं, आणि व्हिएतनामीत एक्स आला तो 17व्या शतकातल्या पोर्तुगीज जेझुइटांकडून. लाओसच्या डोंगरात 'स' लिहिणारा माणूस लिस्बनचं अक्षर लिहीत असतो.

हुसचा ठिपकाही लाओसला पोचला असं म्हणता आलं असतं, पण तसं नाही. 1959 मध्ये शाँग लू यांग या निरक्षर शेतकऱ्याने ह्मोंगसाठी संपूर्ण नवी लिपी घडवली. तिला पहाऊ म्हणतात, आणि ती आपल्याला ईश्वराने दिली असं तो सांगत असे. तिच्यात स्वर आधी लिहितात, व्यंजन नंतर, आणि वाचताना उलट. आपल्या ह्रस्व इकारात हे अधूनमधून होतं, तिथे प्रत्येक अक्षरगटात. तिच्यातही व्यंजनावर ठिपका देऊन नवं व्यंजन करतात. पण हुसच्या ठिपक्याने मूळ अक्षराचा जवळचा ध्वनी मिळतो, पहाऊतल्या ठिपक्याने अगदीच असंबद्ध ध्वनी मिळतो. म्हणजे उसनवारी नाही. तोकडेपणाचा तोच उपाय एका निरक्षर माणसाला स्वतंत्रपणे सुचला. पहाऊचं मला सर्वांत जास्त आश्चर्य वाटतं ते याचंच. 1971 मध्ये शाँग लूची हत्या झाली. त्याची लिपी आजही वापरात आहे आणि 2014 मध्ये युनिकोडमध्ये आली.

युनिकोडमध्ये हाचेकला मात्र 'कॅरन' म्हणतात. हे नाव ना चेक आहे, ना कोणत्याही भाषेत त्याचा मागमूस लागतो. कॅरेट आणि मॅक्रॉन या छपाईतल्या दोन खुणांच्या नावांचा हा संकर असावा, असा एक तर्क आहे. मला तो कच्चा वाटतो. मॅक्रॉन म्हणजे आडवी रेघ, आकड्याशी तिचा काय संबंध? छपाईच्या यादीतली कुणाची तरी चूक पुढे नियम झाली, हे मला जास्त संभाव्य वाटतं.

1975 नंतर लाओसमधून परागंदा झालेले ह्मोंग थायलंडच्या छावण्यांतून मिनेसोटा, कॅलिफोर्निया, फ्रान्स इथे पोचले. परदेशी कागदपत्रांवर नावांचे सूर गळाले. व्ही-ए-जे असं लिहायचं आडनाव 'वांग' म्हणून नोंदलं गेलं, तसं शिकागोचे महापौर चेर्माक यांच्या नावावरचा आकडा अमेरिकेत कधीच गळून 'सर्मॅक' झाला होता. भाषा लिहिताना मात्र दोघांची गत वेगळी झाली. मोबाईलवरच्या साध्या संदेशात 160 अक्षरं मावत, पण चेकचा एक आकडा आला की तीच मर्यादा 70 वर येई. म्हणून चेक लोक वर्षानुवर्षं आकडे आणि रेघा गाळून संदेश पाठवत आले. ह्मोंग माणूस मात्र आठही सुरांसकट 160 अक्षरं पाठवत होता.