घोड्याचा गुडघा कुठे असतो?

१७५५ साली लंडनमध्ये सॅम्युअल जॉन्सन यांचा इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध झाला. नऊएक वर्षांचं काम, हाताशी मोजके लेखनिक आणि चाळीस हजारांहून अधिक शब्द. त्यात ‘पास्टर्न’ या शब्दापुढे अर्थ छापला होता : घोड्याचा गुडघा. हा अर्थ साफ चुकीचा होता. एका बाईंनी जॉन्सन यांना विचारलं, असा अर्थ का दिलात? त्यांनी कसलीही सबब सांगितली नाही. आपल्याला माहीत नव्हतं, एवढंच कबूल केलं. हा किस्सा बॉस्वेल यांनी १७९१ साली आलेल्या जॉन्सनचरित्रात नोंदवला आहे.

पास्टर्न म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायला पुस्तक लागत नाही, स्वतःचा हात पुरतो. तळहात टेबलावर ठेवा. आता मनगट वर उचलत जा, इतकं की फक्त मधल्या बोटाचं टोक टेबलाला टेकलेलं राहील. हा झाला घोड्याचा पुढचा पाय. त्याचं खूर म्हणजे त्या एका बोटाचं नख. खुराच्या लगेच वर, तिरकस दिसणारा बोटाचा भाग म्हणजे पास्टर्न. बोट जिथे तळहाताला मिळतं तो सांधा म्हणजे फेटलॉक. त्याच्या वरचं लांब हाड तळहाताचं. आणि इंग्रजीत ज्याला घोड्याच्या पुढच्या पायाचा ‘नी’, म्हणजे गुडघा म्हणतात, ते खरं तर मनगट आहे.

मागच्या पायाचंही असंच आहे. कुत्रा, मांजर, बैल, घोडा यांचा मागचा गुडघा उलटा वाकतो असं आपल्याला वाटतं. पण तो गुडघा नसतोच, तो घोटा असतो आणि त्याचं मागे आलेलं टोक म्हणजे टाच. खरा गुडघा वर, पोटाजवळ असतो आणि तो आपल्यासारखाच पुढे वाकतो. इंग्रजीत त्याला ‘स्टायफल’ म्हणतात, तर घोट्याला ‘हॉक’. हॉक हा शब्द ज्या जुन्या इंग्रजी शब्दावरून आला, त्याचा अर्थच टाच असा होता. म्हणजे शब्द घडवणाऱ्यांना सांधा बरोबर ओळखता आला होता. मधल्या काळात बोलणारे ते विसरले.

पास्टर्नची गोष्ट आणखी जवळची आहे. चरायला सोडलेला घोडा लांब जाऊ नये म्हणून त्याच्या पायाला दोर बांधत. त्या दोराचं जुनं फ्रेंच नाव पुढे दोर बांधायच्या जागेला चिकटलं. मराठीत अशा दोराला ‘पायबंद’ म्हणतात. आपल्याकडे तो शब्द घोड्याचा पाय सोडून महागाईला आणि भ्रष्टाचाराला लागला, इंग्रजीत तो पायातच राहिला.

ही नावं मोतद्दार आणि नालबंदांनी रोजच्या कामातून टिकवली, कारण त्यांच्यासाठी चुकीला किंमत होती. घोडा दौडतो तेव्हा फेटलॉक जवळजवळ जमिनीपर्यंत खाली दबतो, मागचे स्नायुबंध रबरासारखे ताणले जातात आणि परत आकसून पाय वर उचलायला मदत करतात. पास्टर्नचा तिरकसपणा धक्का सोसतो. तो फार उभा असेल तर प्रत्येक टापेचा हादरा वरच्या हाडांना बसतो. म्हणून घोडा विकत घेताना जाणकार आधी तिथे पाहतो. लंगडणाऱ्या घोड्याचा पास्टर्न दुखत असताना कुणी शब्दकोश वाचून गुडघ्याला लेप लावत बसला, तर घोडा लंगडतच राहणार.

मला यात आमच्या कामाची आठवण होते. कोडमध्ये एखाद्या फंक्शनला चुकीचं नाव दिलं, तरी प्रोग्रॅम चालतो. त्रास होतो तो पुढे दुरुस्तीला बसणाऱ्याला, कारण तो नावावर विश्वास ठेवून भलतीकडे शोधत राहतो.

जॉन्सन यांच्या काळात ही माहिती दुर्मीळ नव्हती. बरोबर दोनशे वर्षांपूर्वी, १५५५ साली, पिएर बेलाँ या फ्रेंच अभ्यासकाने माणूस आणि पक्षी यांचे सांगाडे शेजारी-शेजारी छापून जुळणाऱ्या हाडांना सारखीच अक्षरं दिली होती. शब्दकोश आला त्याच्या पुढच्याच वर्षी जॉर्ज स्टब्ज हा चामडं कमावणाऱ्याचा मुलगा लिंकनशायरमधल्या हॉर्कस्टो गावी मेलेले घोडे टांगून, थर थर सोलून त्यांची चित्रं काढायला बसला. दीड वर्ष हे काम चाललं. १७६६ साली त्याचं घोड्याच्या शरीररचनेवरचं पुस्तक निघालं.

जॉन्सन यांनी १७७३च्या चौथ्या आवृत्तीत पास्टर्नचा अर्थ दुरुस्त केला. तोवर चुकीचा अर्थ अठरा वर्षं छापील राहिला होता. त्या अठरा वर्षांत लंडनच्या कुठल्याही तबेल्यातल्या पोराला विचारलं असतं, तर त्यानं वाकून, बोट ठेवून जागा दाखवली असती.