नॅक : ताऱ्यांपासून 'ए प्लस प्लस'पर्यंत

मंडळी, ॲडमिशनचा सिझन आहे. चौकाचौकात कॉलेजांचे फ्लेक्स लागलेत. कुणी 'नॅक ए', कुणी 'बी प्लस प्लस'. परवा एका पालकाने विचारलं, हे नॅक म्हणजे नेमकं काय हो? म्हणून जरा मागून सांगतो.

1986 च्या शैक्षणिक धोरणात उच्च शिक्षणाचा दर्जा तपासण्याची गरज बोलून दाखवली गेली. त्यातून 1994 मध्ये यूजीसीने बंगळुरूला नॅक ही स्वायत्त संस्था काढली. सुरुवातीला मूल्यांकन ऐच्छिक होतं, त्यामुळे फार कुणी त्या वाटेला जाईना. दर्जा द्यायची रीतही बदलत गेली. आधी तारे, मग अक्षरं, 2007 पासून चारपैकी सरासरी गुण. 2016 पासून 3.51 च्या वर मिळाले की 'ए प्लस प्लस'. 2013 च्या सुमारास मूल्यांकन सक्तीचं झालं, रुसाचा निधीही त्याला जोडला गेला, आणि मग सगळ्यांची धावपळ सुरू झाली.

ही धावपळ मी बातमीदार म्हणून जवळून बघितलीय. समिती यायच्या आधी महिनाभर भिंतींना रंग, ग्रंथालयात नव्या पाट्या, दारात रांगोळी, लेझीम. प्राध्यापक वर्गात कमी आणि फायलींत जास्त. त्यातले कित्येक तासिका तत्त्वावरचे, म्हणजे पगार तासावर आणि फायली फुकटात!

पाहुणचाराचा हा प्रकार कमी व्हावा म्हणून 2017 मध्ये पद्धत बदलली. साधारण 70 टक्के गुण ऑनलाइन भरलेल्या आकड्यांवर, समितीच्या हातात उरलेले. आकडे तपासायला त्रयस्थ यंत्रणा. विद्यार्थ्यांनाही ऑनलाइन प्रश्न विचारायला लागले. कागदावर हे चांगलंच होतं.

पण मार्च 2023 मध्ये नॅकच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष, आपल्या पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन यांनी राजीनामा दिला. प्रक्रियेत गैरप्रकार होत असल्याची शंका त्यांनी उघड मांडली होती आणि चौकशी मागितली होती. दोन वर्षं जातात न जातात तोच, फेब्रुवारी 2025 मध्ये, सीबीआयने आंध्रातल्या गुंटूर जिल्ह्यातल्या एका अभिमत विद्यापीठाच्या प्रकरणात पाहणी समितीच्या अध्यक्षासह दहा जणांना अटक केली. आरोप असा, की 'ए प्लस प्लस'साठी रोख, सोनं, मोबाइल, लॅपटॉप दिले गेले. खटल्याचं काय व्हायचं ते कोर्ट बघेल.

दरम्यान इस्रोचे माजी अध्यक्ष के. राधाकृष्णन यांच्या समितीने अक्षरंच काढून टाका असं सुचवलं. मान्यता आहे किंवा नाही, एवढंच सांगायचं. त्यापुढे हवं असेल त्याने एक ते पाच पातळ्या चढायच्या. मला हे पटतं, फ्लेक्सवाल्यांना पटणार नाही.

तोवर पालकांनी एक करावं. कॉलेजने नॅकला दिलेला स्वयंमूल्यमापन अहवाल त्यांच्या वेबसाइटवर असायला हवा. त्यात दुसऱ्या निकषात, मंजूर पदांपैकी पूर्णवेळ शिक्षक किती भरलेत याची टक्केवारी असते. तेवढी बघा. सापडली नाही तर फी भरायच्या आधी ऑफिसात विचारा.